बर्ड्यांचं माप

नाव त्याचं बर्डेट कोल.
आमच्या गावात ते दोन आठवडेही टिकलं नाही,
बर्डे झाला तो,
दिग्रसच्या बर्ड्यांपैकीच कोणी, नोकरीपायी लांब गेलेला.

मिशनच्या दवाखान्यामागं, महिन्यातल्या एका शनिवारी,
डॉक्टरबाई दोन कडुनिंबांच्या मधे चादर ताणायच्या.
ऑपरेशनच्या खोलीतली चादर. डाव्या अंगाला ठिगळ,
डोमाजी उस्तादांनी लावलेलं, बारीक टाक्याचं.
बर्डे घोड्यावरून येवो की आगबोटीतून,
एकदा तरी त्या ठिगळावरून जायचाच
आणि उस्ताद मला कोपरानं ढोसायचे,
"आपला टाका."

मी अकरा वर्षांचा. काजं करायचो, बटणं लावायचो.
इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं.
लोक बंदुकीकडे पाहत, बाईकडे पाहत.
उस्ताद बगल पाहायचे.
एका सिनेमात बर्डे हॉटेलात बशा उचलतो,
चार शब्द बोलतो, निघून जातो.
"कोट मांगून आनला यानं," उस्ताद म्हणाले,
"पाह्य, बाही पेरावर येते. नवा हाये बिचारा."

पेट्या नागपूरहून यायच्या, कशाही.
या महिन्यात बर्ड्याचे केस पिकलेले, पोरीचं लग्न लावतोय,
पुढल्या महिन्यात त्यालाच मिसरूड फुटतंय.
सोनाराचा किसन तर पैज लावायचा, हे तिघं भाऊ हायेत.
तेव्हा उस्तादांनी मापाची वही काढली,
पोस्टमास्तरांच्या सदऱ्याचं पान उलटलं
आणि वर लिहिलं: बर्डे, मुक्काम अमेरिका.
छाती अडतीस, कंबर एकोणतीस. पोटाले मिळत नाही.
त्याच्या खाली, कंबर बत्तीस. कोट सोताचा.
चांगला शिंपी भेटला याले.
मग छत्तीस, पट्टा आत वढून.
"श्वास धरून हाये लेकाचा. सीन झाला का सोडत असन."
मधेच एक सिनेमा आला,
त्यात तो बँकेचा मालक, टेबल एवढं मोठं,
पण कोटाची कोपरं घासून चकाकत होती.
उस्तादांनी त्या ओळीला आकडाच घातला नाही.
नुसतं लिहिलं, काम भेटत नसन.

शेवटच्या पेटीत बर्डे न्यायाधीश होता.
गळ्याचं बटण लावलेलं,
तरी कॉलर आणि मान यांच्यात दोन बोटं जातील एवढी फट.
उस्ताद सिनेमाभर बोलले नाहीत.
येताना नाल्याच्या पुलावर थांबले, बिडी पेटवली, विझू दिली.
"हा मानूस बिमार हाये.
कोनं सांगतलं असन का त्याले?"

सोमवारी गेलो बाईंकडे. उशांच्या खोळी द्यायच्याच होत्या.
बाईंनी बोटांवर मोजलं, आमच्या बोलीत सांगितलं,
"डोमाजी, तो गेला. नऊ वरसं झाले."

आमच्या दुकानाचा एक रिवाज होता,
गिऱ्हाईक गेलं की त्याच्या पानाचा कोपरा दुमडायचा.
उस्तादांनी दुमडला. गळा साडेचौदा, तिथवर.
मग दिवसभर नर्सबाईंचे झगे शिवले.
मशीन एकदाही थांबवलं नाही, म्हणून मला कळलं.

पुढल्या शनिवारी चादर लागली
आणि बर्डे पुन्हा बशा उचलत आत आला,
बावीस वर्षांचा, मागून आणलेल्या कोटात.
घरी येऊन उस्तादांनी कंदील मोठा केला
आणि दुमडलेला कोपरा
नखानं सरळ केला.

मिशन उठलं. उस्ताद गेले. वही माझ्याकडे आहे,
तिच्यातलं कोणतंच पान मी दुमडत नाही.
परवा नातवानं मोबाईलवर शोधून दिला.
तळहाताएवढा बर्डे, स्वच्छ, धुतल्यासारखा,
या काठापासून त्या काठापर्यंत चालत गेला
आणि वाटेत ठिगळ लागलं नाही.
कोणी परकाच वाटला मला.
"हाच ना, आबा?" पोरगं विचारतं.
थांब जरा, म्हटलं.
हात वर करू दे त्याले.